माउंटखालची माणसं

चौकटरावांच्या दुकानात सलग नऊ दिवस एकही माणूस फिरकला नाही. दहाव्या दिवशी एकजण आला, तो समोरच्या दातांच्या दवाखान्याचा जिना कुठून आहे ते विचारायला. चौकटरावांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, जिना दाखवला, आणि तो उठायला लागल्यावर "घरात एखादी भिंत रिकामी आहे का हो?" असंही विचारून पाहिलं. आधीच दात दुखत असलेला तो माणूस गालावर हात ठेवून निघून गेला.

चौकटराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तीस वर्षं एकाच गल्लीत लोकांच्या फोटोंना चौकटी बसवत आल्यामुळे ते त्यांना चिकटलं होतं, आणि आता बँकेतला शिपाईसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारी. मंदी आली तशी लोकांनी सगळ्यात आधी ज्या गोष्टींवर काट मारली त्यांत फोटोंच्या चौकटी पहिल्या होत्या. पोटाला भूक लागते, पायाला चप्पल लागते, पण भिंत बिचारी वर्षानुवर्षं काही न मागता उभी राहते. चौकटरावांना भिंतींच्या या स्वभावाचा अलीकडे फार राग येत असे.

त्यात शेजारच्या गाळ्यात बायकोच्या धाकट्या भावाचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. मंदीमुळे नवा फोन घेणं परवडेना, म्हणून लोक जुन्या फोनला नवं कव्हर घालून समाधान मानत होते, आणि मेहुण्याकडे उभं राहायला जागा नसे. एक दिवस तो पान खाल्ल्यासारखा खुशीत आला आणि मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करून म्हणाला, "भावोजी, ही भिंत पाडून टाकू. अर्धं दुकान मला द्या. तुम्हाला बसायला निम्मं पुरेल. नाहीतरी तुम्ही बसूनच असता."

एक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं ठरलं. चौकटरावांची बायको भावाच्या बाजूची होती. माशा मारायला एवढं मोठं दुकान कशाला, असा तिचा सरळ सवाल होता. चौकटरावांना मात्र अर्धं दुकान म्हणजे अर्धा हात वाटत होता. कापायचं टेबल, काचा उभ्या ठेवायचा घोडा, लाकडी पट्ट्यांचा स्टँड यातलं काय बाहेर काढायचं? त्यांनी दोनदा टेप घेऊन मापं घेतली आणि दोन्ही वेळा टेप गुंडाळून ठेवली.

सून मदतीला धावली ती या वेळी. ती जाहिरातीच्या कंपनीत होती. मंदीत त्या ऑफिसमधली निम्मी टेबलं रिकामी झाली, त्यांत तिचंही टेबल गेलं. दोन महिने घरी बसून तिने आधी स्वयंपाकघरातले डबे अक्षरानुसार लावले, मग नवऱ्याचे मोजे रंगानुसार लावले, आणि आता सासऱ्याचं दुकान लावायला घेतलं.

"बाबा, गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर आपण त्याच्या फोनमध्ये जायचं. दुकानाचं पेज काढू. पण नुसत्या रिकाम्या फ्रेमचे फोटो टाकले तर कुत्रं विचारणार नाही. माणसं पाहिजेत. लोक माणसं बघतात," सूनबाई म्हणाली.

माणसं कुठून आणायची, या प्रश्नाचं उत्तर पोटमाळ्यावर होतं. गेल्या वीस-बावीस वर्षांत लोकांनी करायला टाकलेल्या आणि न्यायला न आलेल्या फ्रेमा तिथे ओळीने उभ्या होत्या. चौकटराव एकही फ्रेम मोडत नसत. मागच्या चिठ्ठ्यांवरची शाई उडाली होती, नावं वाचता येत नव्हती, तरी दर सहा महिन्यांनी ते सगळ्यांवरून फडकं फिरवत. सूनबाईने शिडीवर उभं राहून ती रांग पाहिली आणि तिला एकदम सुचलं. फोटो पेजवर टाकायचे. जो कोणी फोटोतल्या माणसाला ओळखेल त्याने त्याला टॅग करायचं. ज्याची फ्रेम आहे त्याने उरलेले पैसे देऊन न्यायची, आणि ज्याचा ज्याचा चेहरा ओळखला जाईल त्याला नव्या फ्रेमवर चाळीस टक्के सूट. तिने योजनेचं नावही ठेवलं, ‘ओळखा आणि घेऊन जा’.

टॅग करणं म्हणजे काय ते चौकटरावांनी विचारून घेतलं. फोटोतल्या माणसाच्या अंगावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि ती लावल्याचं त्याला कळवायचं, असं सूनबाईने सांगितलं. चौकटरावांना त्यात वावगं काही दिसलं नाही. चांगल्या मोठ्या माणसांचे चौदा फोटो निवड, असं सांगून ते काचवाल्याकडे गेले, आणि जायचे ते नेमके तेव्हाच गेले.

कारण सूनबाई फोटो काढायला लागली तेव्हा प्रत्येक काचेत ट्यूबलाइट दिसायला लागली. ट्यूबलाइट बंद केली तर काचेत सूनबाई दिसायला लागली. एका जोडप्याच्या मधोमध आपण स्वतः फोन धरून उभ्या आहोत हे चौथ्यांदा पाहिल्यावर तिने मागचे खिळे उपटले, फोटो बाहेर काढले आणि दाराशी उजेडात मांडून त्यांचे सुरेख फोटो घेतले. काढताना तिच्या लक्षात आलं की फ्रेममध्ये दिसत होती त्यापेक्षा मूळ फोटोत माणसं जास्त आहेत. काच आणि फोटो यांच्यामध्ये जो जाड पुठ्ठ्याचा माउंट असतो, खिडकी कापलेला, त्याच्याखाली बहुतेक फोटोंत कोणी ना कोणी दडलेलं होतं. पूर्वीची फॅशन असेल, असं तिला वाटलं. शिवाय जितके चेहरे जास्त तितके टॅग जास्त, हे ती ऑफिसात शिकली होती. सगळे फोटो तिने होते तसे परत बसवले, खिळे ठोकले, आणि शुक्रवारी संध्याकाळी चौदाच्या चौदा फोटो पेजवर चढवले.

शनिवारी सकाळी चौकटराव दुकान उघडतात तोवर आठशे लोकांनी ते पाहिले होते. दहाच्या सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं. ठसठशीत बांध्याच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई होत्या. त्यांनी पर्समधून फोन काढून चौकटरावांच्या नाकासमोर धरला.

"हा फोटो माझ्या जावयांच्या नव्या घराचा. मला माझ्या भाचीने टॅग केलं. सहा वर्षं झाली, आणि फ्रेम करायला दिली होती हे मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. मधोमध उभी आहे ती मीच."

चौकटरावांनी फोटो पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तो फोटो ते जन्मात विसरणार नव्हते. जावई स्वतः घेऊन आला होता आणि इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला होता की यातल्या सासूबाई तेवढ्या नको आहेत. माणूस कडेला असला तर सोपं असतं, माउंटची खिडकी थोडी आखूड कापायची, झालं. पण या बाई दाराच्या बरोबर मध्ये उभ्या. त्यांच्या एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला मुलगी. चौकटरावांनी दोन दिवस विचार करून दोन खिडक्यांचा माउंट कापला, एकीत जावई, दुसरीत मुलगी, आणि मधल्या पट्टीखाली सासूबाई. असं काम गल्लीत कोणी केलं नव्हतं, आणि कोणाला दाखवताही येत नव्हतं.

हा त्यांच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग होता. भाऊबंदकी, रुसवेफुगवे, मोडलेल्या भागीदाऱ्या, सगळं शेवटी त्यांच्या टेबलावर येई. लोक कात्री पुढे करत, पण चौकटरावांनी आजवर एकाही फोटोला कात्री लावली नव्हती. माणसांचं काय, उद्या गोड होतील, कापलेला फोटो होणार नाही, असं ते म्हणत आणि माउंटखाली झाकून देत. कोणाला झाकलं हे त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नाही. आणि झालंही तसंच होतं. फ्रेम तयार होईपर्यंत बऱ्याच जणांचं भांडण मिटलेलं असे, मग फ्रेम न्यायला यायची लाज वाटे. न नेलेल्या फ्रेमा पोटमाळ्यावर जाऊन बसत. म्हणजे पोटमाळा हा बहुतेक झाकलेल्या माणसांचाच होता, हे चौकटरावांच्या डोक्यात आत्ता, या बाईंसमोर उभं असताना लख्ख उजाडलं.

बाईंना खुर्चीवर बसवून, धूळ पुसून आणतो असं सांगून ते मागच्या खोलीत गेले. तिथे सूनबाई फोनवर आकडे मोजत बसली होती.

"तू फोटो फ्रेममधून बाहेर काढलेस?"

"काचेत ट्यूबलाइट येत होती, बाबा."

चौकटरावांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले, आणि तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला तीन वाक्यांत सांगितलं. सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे मी चौदा भांडणं पोस्ट केली?"

"अकरा. तीन फोटो साधे आहेत."

ते आत्ताच्या आत्ता काढून टाकते, म्हणून तिने फोन उचलला. पण तोपर्यंत लोकांनी ते आपापल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवले होते, नातेवाइकांनी पुढच्या नातेवाइकांच्या, आणि तिथून ते परत आणणं तिच्या कंपनीलाही जमलं नसतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अहो, मी लेक-जावयाला पण बोलावलंय. येतायत पाच मिनिटांत."

चौकटरावांनी माउंट काढला, धारदार पातं घेतलं, मधल्या पट्टीला वर एक काप दिला, खाली एक काप दिला. दोन खिडक्यांची एक खिडकी झाली आणि सासूबाई सहा वर्षांनी प्रकाशात आल्या. सूनबाईने काच पुसली, चौकटरावांनी खिळे ठोकले, आणि ते फ्रेम घेऊन बाहेर आले तेव्हा दारात जावई उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने आधी चौकटरावांकडे पाहिलं, मग डोळे अर्धे मिटून फ्रेमकडे पाहिलं. सासूबाई मधोमध हसत उभ्या होत्या. जावयाचा जीव भांड्यात पडला.

त्याने उरलेले पैसे दिले, वर न मागता आणखी दिले, आणि बायको सासूबाईंना घेऊन बाहेर पडल्यावर काउंटरवर वाकून कुजबुजला, "काका, ती मधली पट्टी... टाकली नाही ना तुम्ही?"

चौकटरावांनी ती कचऱ्यात टाकली नव्हती. चांगला पुठ्ठा ते टाकत नसत.

"माझी आई पुढच्या आठवड्यात येतेय. तिचं आणि सासूबाईंचं जमत नाही. तेवढ्यापुरती बसवता येईल का? मग परत काढता येईल अशी?"

चौकटरावांनी त्याच्या हातातली फ्रेम परत घेतली. तिचे खिळे उपटले. माउंटच्या मागे पुठ्ठ्याच्या दोन बारीक खाचा चिकटवल्या, वरच्या लाकडात एक फट पाडली, आणि पट्टी वरून आत सरकवून दाखवली. सासूबाई गेल्या. पट्टी ओढली, सासूबाई आल्या. जावयाने स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा करून पाहिलं. एवढा सुखी माणूस चौकटरावांनी त्या मंदीत दुसरा पाहिला नव्हता.

त्यानंतर श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. ज्यांना झाकलं होतं ते हौसेने यायला लागले, आणि ज्यांनी झाकायला सांगितलं होतं ते धापा टाकत त्यांच्या मागोमाग. मोटार शिकवण्याच्या शाळेचे दोन भागीदार आले. त्यातल्या धाकट्याने थोरल्याला झाकलं होतं, पुढे दोघांचं जुळलं होतं, आणि थोरला आता सगळ्यांना सांगत होता की बघा, याने आमचा फोटो किती जपलाय. धाकटा खालमानेने उभा होता. एक नणंद आली. एक चुलत सासरे आले. एका माणसाचा फोनच आला, आणि त्याची गोष्ट सगळ्यांत वेगळी निघाली. त्याने फोटोत दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच झाकायला सांगितलं होतं. आजारपणाची रजा टाकून तो मित्रांबरोबर धबधब्यावर गेला होता, फोटो तर हवा होता, पण साहेब अधूनमधून घरी येत.

"काका," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला साहेबांनीच टॅग केलंय."

चौकटरावांना त्याच्यासाठी काही करता आलं नाही. सूनबाईने त्याला चाळीस टक्के सूट कळवली.

दोघांनी काम वाटून घेतलं. चौकटराव आत माउंटच्या खिडक्या रुंद करत, सूनबाई बाहेर लोकांना बोलण्यात गुंतवे, आणि निघालेली पट्टी कागदात गुंडाळून ज्याची त्याला काउंटरखालून दिली जाई. दुपारपर्यंत अकरापैकी नऊ फ्रेमा गेल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांच्या फ्रेमा पोटमाळ्यावर नव्हत्याच असे लोक घरचे फोटो उचलून यायला लागले. त्यांना कशी कोणास ठाऊक पट्टीची कुणकुण लागली होती. सगळे एकेकटे येत, मागे वळून बघत, आणि आवाज खाली करून ‘ती सरकती’ मागत. सूनबाईने त्याची जाहिरात करायचं ठरवलं होतं, पण चौकटरावांनी हात जोडले. ही वस्तू जाहिरातीने खपणारी नाही, असं त्यांचं मत पडलं, आणि पहिल्यांदाच सुनेने ते निमूटपणे मान्य केलं.

संध्याकाळी पाचला वहीत सव्वीस नवी कामं होती. चौकटरावांनी टेप काढून मधली भिंत पुन्हा एकदा मोजली, या वेळी नुसत्या आनंदापोटी. आता मेहुण्याला ताठ मानेने ‘नाही’ म्हणून सांगता येणार होतं. दुकान अख्खं राहणार होतं.

पण मेहुणा दुकानात नव्हता. गर्दी त्याच्या दारापर्यंत आली होती, त्याचं गिऱ्हाईक अडत होतं, म्हणून तो दुपारी वैतागून बाहेर आला होता आणि गर्दीत उभा राहिला होता. सूनबाईला हे नंतर आठवलं. तो कितीतरी वेळ दोन बायकांचं बोलणं ऐकत होता. माउंट, पट्टी, झाकलेली माणसं, सगळं. मग तो शटर अर्धं ओढून निघून गेला.

"कुठे गेला?" चौकटरावांनी विचारलं.

"ताईकडे जातो म्हणाला. तुमच्या लग्नाचा फोटो बघायला."

चौकटरावांच्या हातातली टेप सुटली आणि खटकन मिटली.

त्यांच्या घरी दिवाणखान्यात त्यांच्या लग्नाचा मोठा फोटो होता. नवरा-नवरी मधोमध, दोन्ही बाजूंना जागा अगदी तोलून मापून. आलेल्या प्रत्येकाला ते तो दाखवत आणि म्हणत, याला म्हणतात माउंट. वस्तुस्थिती अशी होती की नवरीच्या पलीकडे, फोटोच्या उजव्या कडेला तिचा धाकटा भाऊ उभा होता. वय वर्षं चौदा, डोळ्यांवर कोणाचातरी काळा गॉगल, आणि फोटोग्राफरने तीन म्हणताक्षणी त्याने जीभ बाहेर काढली होती. चौकटरावांनी तेव्हाच त्याला माउंटखाली घातला आणि बायकोला सांगितलं की फोटो कडेला खराब झालाय. अठ्ठावीस वर्षं तो तिथे निवांत होता.

सूनबाई मागोमाग निघालीच. घरी पोहोचेपर्यंत त्यांना वाटेत चारजणांनी नमस्कार केला, त्यांतला एकही त्यांना दिसला नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. बायकोला हे कळलं तर अर्धं सोडा, अख्खं दुकान भावाच्या नावाने होईल, आणि आपल्याला त्याच्या काउंटरमागे उभं राहून कव्हरं विकावी लागतील. दिवसभरात कमावलेलं सगळं एका जिभेपायी जाणार होतं.

फ्रेम भिंतीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर पालथी ठेवलेली होती. शेजारी मेहुणा हाताची घडी घालून बसला होता. बायको गॅसपाशी दुधाकडे बघत उभी होती, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "मी त्या लग्नात होतो. ताईच्या शेजारी उभा होतो. नवा कोट होता मला. उघडा तुमच्या हाताने."

चौकटरावांनी खिशातून पकड काढली. एकेक खिळा उपटून त्यांनी टेबलावर ओळीने ठेवला. मागचा पुठ्ठा निघाला. फोटो वर आला. उजवीकडे, गॉगल लावून, नव्या कोटात, वीतभर जीभ काढलेला मेहुणा उभा होता. सूनबाईने तोंडावर हात धरला. मेहुण्याने फोटो पाहिला, आणि त्याची हाताची घडी सैल झाली. दोन मुलींचा बाप होता तो, व्यापारी मंडळाचा सहसचिव होता. तरी तो नेटाने म्हणाला, "जीभ असू दे. झाकायचं काय कारण? ताई, बघ, तुझ्या नवऱ्याने मला अठ्ठावीस वर्षं झाकलं."

ताई अजूनही दुधाकडेच बघत होती.

चौकटराव मात्र माउंटकडे बघत होते. तो त्यांनी उलटा करून उजेडात धरला होता. त्यांनी उजवी बाजू आखूड कापली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण डाव्या बाजूलाही मागून एक पट्टी चिकटवलेली होती. ती बिस्किटाच्या खोक्याची होती, स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेली, आणि तिच्यावर माउंटच्याच रंगाचा कागद इतक्या बेमालूमपणे लावलेला होता की पुढून कडसुद्धा कळत नव्हती. त्यांनी सावकाश फोटोच्या डाव्या बाजूकडे नजर वळवली. तिथे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, भरजरी साडीत त्यांची थोरली बहीण उभी होती. अक्का.

अक्का दरवर्षी महिनाभर राहायला येत. याच फोटोखाली बसून भाजी निवडत. आणि त्या फोटोत नाहीत हे, जन्मभर फोटोच बघत आलेल्या त्यांच्या भावाला कधी दिसलं नव्हतं.

"ही पट्टी कोणाची?" चौकटरावांनी विचारलं.

बायकोने गॅस बंद केला. दुधाचं पातेलं खाली उतरवलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भिंतीला रंग काढला, तेव्हा फ्रेम खाली उतरवली होती. पुसताना उघडून पाहिली," ती म्हणाली. "माझा भाऊ झाकलेला दिसला. त्याच महिन्यात तुमच्या अक्का मला म्हणाल्या होत्या की हिला साधा भात धड जमत नाही. मग मी अक्कांना झाकलं. दोन्हीकडून सारखं झालं."

"आणि मी सगळ्यांना सांगत होतो की बघा, आपण दोघं अगदी मधोमध."

"ते मी ऐकायची," बायको म्हणाली. "बरं वाटायचं."

चौकटरावांना राग यायला हवा होता. तो आणण्याचा त्यांनी थोडा प्रयत्नही केला. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या पट्टीच्या कडेवर जात होती. बिस्किटाचं खोकं आणि साधी कात्री. तरी सव्वीस वर्षं त्यांच्यासारख्याला पत्ता लागला नव्हता. आज दुपारी त्यांनी स्वतः कापलेल्या पट्ट्या तरी अशा बसल्या होत्या का?

"हा कागद कशाने लावलास?"

"भाताच्या पेजेने," बायको म्हणाली. "तो भात तेवढ्या कामाचा निघाला."

सूनबाई एवढा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, सव्वीस कामं आहेत वहीत. आपल्याला माणूस लागणारच आहे."

चौकटरावांनी मान डोलावली. त्यांनी माउंट टेबलावर ठेवला आणि घसा साफ केला. "अर्धं दुकान देऊन टाका, असं तूच म्हणत होतीस," ते बायकोला म्हणाले. "सोमवारपासून येशील का? रस्त्याकडचा अर्धा भाग तुझा. कापायचं टेबल मी आत सरकवतो."

बायकोने पदराला हात पुसले. लगेच हो म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. टेबल उजेडाकडे हवं, तिने एवढंच सांगितलं, आणि अक्का आल्या की त्या फोटोत दिसतील, आणि एरवी झाकल्या जातील अशी सरकती पट्टी आपल्या फोटोलाही बसवून टाका, असं सुचवलं. भावासाठीही एक करावी लागणार होती, कारण ती जीभ रोज समोर बघणं कोणालाच झेपणारं नव्हतं. मेहुण्यालाही नाही.

मेहुण्याच्या लक्षात आलं की भिंत काही पडत नाही. तो तावातावाने भांडायला आला होता, आणि भांडण त्याच्या हातून केव्हा निसटलं ते त्याला कळलं नव्हतं. ताईने पुढे ठेवलेलं दूध त्याने पिऊन टाकलं, चपला घातल्या, दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"भावोजी, फोटोत मला ओळखलं गेलंय ना? मग ती चाळीस टक्के सूट मला मिळते का?"

मिळते, असं सूनबाई म्हणाली. नियम म्हणजे नियम.

मेहुण्याने फोन काढून एक फोटो चौकटरावांपुढे धरला. त्याच्या दुकानाच्या उद्‍घाटनाचा होता. कात्री हातात घेऊन मेहुणा उभा, आणि त्याच्या अगदी पुढ्यात, निम्मा मेहुणा झाकून, चौकटराव कॅमेऱ्याकडे बघत छाती काढून उभे.

"याची मोठी फ्रेम हवी," तो नजर चुकवत म्हणाला. "ती सरकती घालून."

चौकटरावांनी फोन हातात घेऊन फोटो नीट पाहिला. आपण खरंच फार पुढे उभे होतो, हे त्यांना पटलं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि फोटोतल्या स्वतःच्या दोन्ही खांद्यांचं माप घेऊन ते पट्टीसाठी बायकोला सांगितलं.